गाडी फिरली कमी, टायर मात्र म्हातारे झाले... बदलू की नको?

पेठेतला_पाहुणा | ९ ऑगस्ट २०२५, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक होतो, आज अडलंय म्हणून लिहितोय. (अडला हरी... पुढचं तुम्हाला माहितीये, पाय कोणाचे ते तुम्हीच ठरवा.)

गाडी स्विफ्ट पेट्रोल, मार्च २०१८ ची, आजपर्यंत फिरली फक्त ३१,४०० किमी. कोविडची दोन वर्षं सोसायटीत झाडाखाली उभी होती, आता मी वनाजवरून मेट्रोने जातो त्यामुळे गाडी निघते ती रविवारी नाहीतर लग्नकार्याला. टायर गाडीबरोबर आलेलेच, चारही. परवा हवा भरायला थांबलो तर तिथला मुलगा चाकाकडे बघून म्हणाला, साहेब चारही टाका आता. मी म्हटलं अरे नक्षी दिसतेय की चांगली. तर म्हणतो कसा, "नक्षी आहे, पण जीव गेलाय."

हे ऐकल्यापासून झोप नाही.

नेहमीच्या मेकॅनिकला विचारलं. तो म्हणाला अजून दहा-पंधरा हजार किमी आरामात जातील, टायरवाल्यांना काय, विकायचेच असतात. आज राखीला मेव्हणा आला होता, तो म्हणतो ४० हजारला बदलायचे, त्याआधी हात लावायचा नाही. बायको म्हणते तू आधी काय करायचंय ते ठरव आणि मग त्याला हो म्हणणारा माणूस शोध, नेहमीसारखं.

२४ ला गणपतीसाठी गुहागरला निघायचंय, उंब्रज-पाटण-कुंभार्ली मार्गे. आई-बाबा, आम्ही दोघं, एक मुलगा आणि डिकी गच्च. चार टायरचं कोटेशन ५,४०० ला एक, म्हणजे २१,६००. तर प्रश्न साधा आहे, टायर कधी बदलायचे हे किलोमीटरवर ठरतं, वयावर ठरतं, की नक्षीवर?

दोन_नंबरचा_गिअर | ९ ऑगस्ट, ९:२०

पोटावरचा टायर कधी बदलायचा यावरही कोणीतरी धागा काढा रे. माझ्यावरची नक्षी पण गेलीये.

टोपणनाव_सुचेना | ९ ऑगस्ट, ९:३१

वाचतोय. माझी २०१७ ची आहे.

घाटवाट | ९ ऑगस्ट, ९:५०

मेव्हण्यांचा नियम बाजूला ठेवा. ४० हजार हा आकडा कुठून येतो देव जाणे. मी एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांमध्ये एकीचे टायर २८ हजारात गोटा झालेले बघितलेत आणि दुसरीचे ६० हजारला ठणठणीत. कोण चालवतं, कुठल्या रस्त्यावर, हवा बघतो का, अलाइनमेंट (चाकं सरळ रेषेत लावणं) कधी केलं, सगळं त्यात येतं.

आधी नक्षी बघा, ते पाच मिनिटांचं काम आहे. टायरच्या उभ्या बाजूला वरच्या कडेला कुठेतरी बारीक त्रिकोण असेल, किंवा टीडब्ल्यूआय अशी इंग्रजी अक्षरं. तिथून सरळ वर खाचेत बघितलं की तळाशी रबराचा एक छोटा उंचवटा दिसतो, आडवी पट्टी. टायर झिजत झिजत त्या पट्टीच्या पातळीला आला की १.६ मिमी उरले. आपल्याकडच्या मोटार वाहन नियमात कारसाठी तोच किमान आकडा आहे, त्याखाली चालवणं बेकायदा. नव्या टायरला साधारण ७ ते ८ मिमी असतात. पण पावसात घाट उतरायचा असेल तर मी १.६ ची वाट बघत नाही, ३ ला आले की काढतो. खाचांचं काम पाणी बाहेर फेकायचं, आणि खाचच उरली नाही तर टायर पाण्यावर तरंगायला लागतो, मग स्टेअरिंग कुठेही फिरवा, गाडी आपल्या मनाने जाते.

खाच मोजायचं गेज नसेल तर काडेपेटीतली काडी खाचेत उभी करा, नखाने खूण करा, मुलाच्या कंपासमधल्या पट्टीवर मोजा. आतली कड, मधला भाग, बाहेरची कड, तिन्हीकडे. नुसती बाहेरची बाजू बघून खूश होऊ नका.

निवृत्त_नाना | ९ ऑगस्ट, १०:४०

आमच्या पद्मिनीला आम्ही टायर फाटेपर्यंत वापरत असू. फाटला की आतून गेटर (जुन्या टायरचा तुकडा) टाकायचा, वर ट्यूब, चालू. दोनदा रिट्रेड केलेल्या, म्हणजे वर नवी नक्षी चढवलेल्या टायरांवर पुणे-बेळगाव केलंय, चार मुलं मागे, दोन पुढे, वर कॅरिअरवर पिंप. कोणी वयबिय विचारत नव्हतं टायरचं. आता माझ्या सध्याच्या गाडीचे ९० हजार झाले, तेच टायर. सगळा भीतीचा धंदा आहे.

चिंचगुळ | ९ ऑगस्ट, १०:५२

नाना, पद्मिनी ६० ने जायची आणि रस्त्यावर तुम्हीच होतात. आता मागे शंभरने येणारा ट्रक असतो.

निवृत्त_नाना | ९ ऑगस्ट, १०:५५

६० नाही, उतारावर ८० जायची.

रबरी_माणूस | १० ऑगस्ट, सकाळी ७:३०

मी चौदा वर्षं टायरच्या कंपाउंडिंगमध्ये, म्हणजे रबराचं मिश्रण करायच्या खात्यात काम करतोय (कंपनी विचारू नका), त्यामुळे हवावाल्या मुलाचं "जीव गेलाय" हे वाक्य वाचून उठून बसलो. तो पोरगा बरोबर बोललाय, निदान तसं होऊ शकतं.

टायरमधलं रबर कायम तसंच राहत नाही. हवेतला ओझोन आणि ऑक्सिजन त्याला सतत खात असतात, उष्णतेने ते काम अजून वेगात होतं. म्हणून आम्ही रबरात मेण आणि ओझोन अडवणारी रसायनं मिसळतो. गंमत अशी की ती आतच राहून उपयोगाची नसतात, हळूहळू पृष्ठभागावर येऊन त्यांचा पातळ थर व्हावा लागतो. टायर फिरताना सारखा दाबला जातो, सुटतो, त्यानेच ती वर येतात. बऱ्याच दिवसांनी टायर तपकिरी दिसायला लागतो ना, ती सगळी धूळ नसते, बरीचशी हीच रसायनं असतात. लोक ते घासून काढतात आणि वर चकचकीत पॉलिश मारतात, त्यातली काही पॉलिशं हा थरच धुऊन टाकतात.

आता पाहुण्यांची गाडी बघा. दोन वर्षं उभी. चाक फिरलं नाही म्हणजे मेण नीट वर आलं नाही, वजन एकाच जागेवर, कदाचित हवाही उतरलेली. असा टायर रोज फिरणाऱ्या टायरपेक्षा लवकर तडकू शकतो. नक्षी ७ मिमीची ६ मिमी झालेली असेल, पण रबर कडक झालेलं असतं, आणि कडक रबर ओल्या रस्त्याला धरत नाही. मेकॅनिक नक्षी बघून बोलला, पोरगा रबर बघून बोलला. दोघंही खोटं बोलले नाहीत.

उभ्या बाजूवर आणि खाचांच्या तळाशी उजेडात बघा. केसाएवढ्या बारीक रेषा थोड्या असतील तर लगेच घाबरायचं कारण नाही. नख अडकेल इतक्या भेगा असतील, किंवा आतला दोरा दिसत असेल, तर तो टायर त्याच दिवशी काढा.

वयाबद्दल: बऱ्याच टायर कंपन्यांचा सल्ला असा की ५ वर्षांनंतर दरवर्षी एकदा जाणकाराकडून नीट तपासून घ्या, आणि बनल्यापासून १० वर्षं झाली की दिसायला कितीही देखणा असला तरी काढा. १० ही शेवटची रेघ आहे हां, तिथपर्यंत पोचलंच पाहिजे असं नाही. आपल्या उन्हात मी स्वतःच्या गाडीला सहा-सातच्या पुढे जाऊ देत नाही. ब्रिटनने तर फेब्रुवारी २०२१ पासून ट्रक आणि बसच्या पुढच्या चाकांना १० वर्षांवरचे टायर लावायलाच बंदी केलीये.

बनवल्याची तारीख टायरवरच असते, लांबट चौकटीत चार आकडे. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तुमचे आकडे सांगा, मग बोलू.

वऱ्हाडी_ठेचा | १० ऑगस्ट, ९:०५

रबरीभाऊ, लय भारी समजावलं. हवेचं मात्र माझ्याकडून ऐका, मी भोगलं आहे.

मागच्या वर्षी मे महिन्यात नागपूरहून शिर्डीला निघालो समृद्धीवरून. टायर साडेतीन वर्षांचे, नक्षी मस्त. जालन्याच्या अलीकडे मागचा डावा टायर फाडकन् गेला. बरोबर साळा होता, तो म्हणे हवा जास्त झाली असंन, उन्हाळ्यात कमी भराले पाहिजे. मीही तेच समजत होतो, म्हणूनच तर निघताना मुद्दाम चार पॉइंट कमी ठेवली होती! नंतर टायरवाल्यानं फाटलेला टायर दाखवला. उभी बाजू आतून गोल भाजल्यासारखी, रबराचा भुगा. हवा कमी असली की बाजू जास्त वाकते, वाकली की तापते, त्यात ४५ डिग्रीचं ऊन, काँक्रीट, ११०-१२० ची सलग स्पीड दोन-दोन तास, गाडीत पाच माणसं. फुटंन नाई तर काय.

नशीब म्हणा, ब्रेकवर पाय मारला नाई. स्टेअरिंग घट्ट धरलं, ॲक्सिलेटर हळूच सोडला, गाडी आपोआप मंद झाली मग बाजूला घेतली. हवा कमी करून उन्हाळ्यात निघू नका बाप्पा. सकाळी टायर थंड असताना मोजायची, ड्रायव्हरच्या दाराजवळ स्टिकर असते त्याच्यावर लिहिलेली तेवढी. टायरवर छापलेला आकडा असते तो जास्तीत जास्तचा, तो भरायचा नसते. स्टिकरवर भरलेल्या गाडीचा वेगळा आकडा दिला असंन तर पाहुण्यांनी गुहागरले जाताना तोच ठेवावा.

त्या समृद्धीवर २०२३ मध्ये आरटीओवाल्यांनी एंट्रीलाच टायर पाहून गोटा टायरच्या गाड्या वापस पाठवणं सुरू केलं होतं. तेव्हा आम्ही शिव्या दिल्या होत्या.

दोन_नंबरचा_गिअर | १० ऑगस्ट, ९:१५

म्हणजे इथेही साळा आणि मेव्हणाच. टायरच्या विषयात सासरच्यांचं ऐकू नये असा निष्कर्ष काढतो.

पेठेतला_पाहुणा | १० ऑगस्ट, १०:४०

सगळ्यांचे आभार, इतकं कोणी सांगेल वाटलं नव्हतं. सकाळी खाली जाऊन आलो. काडीने मोजलं, पुढचे ४ च्या आसपास, मागचे साडेपाच. पण रबरी साहेब, चार आकडे कुठेच नाहीत! अर्धा तास गुडघ्यावर बसून चारही चाकं बघितली, दोन टायरवर ती लांबट चौकट आहे पण त्यात नुसती अक्षरं, तारीख नाहीच. वॉचमन विचारून गेला काही हरवलं का म्हणून. माझे टायर डुप्लिकेट आहेत का?

घाटवाट | १० ऑगस्ट, १०:४८

हाहाहा, डुप्लिकेट नाहीत. पूर्ण कोड टायरच्या एकाच बाजूला असतो, तुमच्या गाडीला ती बाजू आत गेलीये. स्टेअरिंग पूर्ण वळवा, पुढच्या चाकांचा आतला भाग दिसेल. मागच्यांसाठी मोबाइलचा व्हिडिओ चालू करून हात आत घाला.

पेठेतला_पाहुणा | १० ऑगस्ट, ११:२५

सापडलं!! ४९१७. तिघांवर तेच, एकावर ५०१७. म्हणजे डिसेंबर २०१७. गाडी माझी २०१८ ची, टायर तिच्याहून थोरले.

आणि खाचांच्या तळाशी भेगा आहेत. नख अडकत नाही पण दिसतात स्पष्ट. बायकोने पण बघितल्या, तिचं मत बदललंय, आता म्हणते बदल, पण मेव्हण्याला तूच सांग.

चिंचगुळ | १० ऑगस्ट, दुपारी १२:१०

पावणेआठ वर्षं, घाट, पाऊस, भरलेली गाडी. मला तरी यात विचार करण्यासारखं काही दिसत नाही.

जरा अवांतर. मागच्या महिन्यात मी माझ्या गाडीला टायर घ्यायला एकटी गेले तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, मॅडम साहेबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो. मी म्हटलं साहेबांना गाडी चालवता येत नाही, मीच त्यांना ऑफिसला सोडते. मग गेज काढलं पर्समधून (अडीचशे रुपयाला मिळतं, ऑनलाइन) आणि त्याला दाखवलं की पुढचे दोन आतल्या कडेला २ मिमी आणि बाहेर ५, म्हणजे टायर खराब नाही, अलाइनमेंट गेलंय, आधी ते कर नाहीतर नवेही असेच खाशील. त्यानंतर मात्र चहा आला.

पाहुण्यांनी हे लक्षात ठेवा, टायर कसा झिजलाय ते गाडी काय म्हणते ते सांगतं. मधोमध झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर कमी, एकच कड तर अलाइनमेंट, आणि खड्डे खड्डे पडल्यासारखा झिजला तर शॉकअब्जॉर्बर नाहीतर बॅलन्सिंग बघा.

सांगलीची_हळद | १० ऑगस्ट, १:३०

चार कशाला एकदम? पुढचे दोन नवीन टाका, चांगले मागे. स्विफ्टला पुढची चाकं ओढत्यात, पुढंच ब्रेक जास्त लागतोय, पुढंच वळतंय, मग नवीन पुढंच पायजेत की. दहा हजार वाचले.

घाटवाट | १० ऑगस्ट, १:४२

अजिबात नाही! दोनच घेणार असाल तर नवीन मागे.

सांगलीची_हळद | १० ऑगस्ट, १:४५

आमच्या इथं समदे पुढंच टाकत्यात.

रबरी_माणूस | १० ऑगस्ट, ३:१०

हळद, हा वाद आमच्या कॅन्टीनमध्ये दर पावसाळ्यात होतो :) तुमचं लॉजिक चुकीचं नाही, पुढची चाकं जास्त काम करतात हे खरंच. पण पकड कुठली सुटली तर सावरता येईल ते बघा. पुढची सुटली तर गाडी वळायला तयार होत नाही, सरळ जाते, आपण पाय काढतो, वेग कमी होतो, पकड परत येते. मागची सुटली तर गाडीची शेपटी फिरते आणि ते सावरायला लागतो तो हात आपल्यापैकी फार थोड्यांचा आहे. ओल्या वळणावर म्हणून चांगले टायर मागे. जुने पुढे झिजून लवकर संपतात, मग ते बदला.

पाहुण्यांच्या बाबतीत हा प्रश्नच येत नाही. चौघांचं वय एकच आहे.

सांगलीची_हळद | १० ऑगस्ट, ३:२०

बरं. पटलं नाय पण ऐकून ठेवतो.

इसारकाठी | १० ऑगस्ट, ७:०० (तुमच्याकडे संध्याकाळ)

म्युनिकहून हजेरी. इथे टायर बदलणं हा सणवार आहे, वर्षातून दोनदा. उन्हाळी सेट आणि हिवाळी सेट. लोक म्हणतात "ओ ते ओ", ऑक्टोबरपासून ओस्टर्नपर्यंत, म्हणजे ईस्टर. कायदा तारखेचा नाही, रस्त्यावर बर्फ किंवा बर्फाचा चिखल असेल तर योग्य टायर हवेत एवढाच, आणि ऑक्टोबर २०२४ पासून डोंगरात हिमकण असलेलं चिन्ह टायरवर पाहिजेच. पारा ७ अंशांखाली गेला की उन्हाळी रबर कडक होतं असं सगळे सांगतात. कायद्याने इथेही १.६ मिमीच, पण हिवाळी टायरला ४ खाली जाऊ नका म्हणतात.

माझा पहिला हिवाळा मी "काय होतंय, आपण कात्रजचा घाट चालवलाय" म्हणत उन्हाळी टायरवर काढायला गेलो. पहिल्याच बर्फात सिग्नलला ब्रेक दाबला, गाडी शांतपणे सिग्नल ओलांडून पलीकडे जाऊन थांबली. समोरून ट्राम नव्हती ही मोरयाची कृपा.

दुसरा सेट ठेवायला घरात जागा नाही म्हणून टायरच्या "हॉटेलात" ठेवतो. खरंच तसंच म्हणतात. सहा महिन्यांचं भाडं देतो, माझ्याहून त्यांची सोय चांगली आहे.

निवृत्त_नाना | १० ऑगस्ट, ८:३०

टायर हॉटेलात राहतात. कलियुग.

रिकामटेकडी | ११ ऑगस्ट, ११:००

कोणी नायट्रोजनबद्दल बोललं नाही अजून? आमच्या पंपावर चाकाला वीस रुपये घेतात, म्हणतात टायर दुप्पट टिकतो.

रबरी_माणूस | ११ ऑगस्ट, ११:२०

आपण श्वास घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. उरलेल्या बावीससाठी वीस रुपये. नायट्रोजन भरला की पंपाच्या कॉम्प्रेसरमधलं पाणी टायरमध्ये जात नाही आणि गळती जरा सावकाश होते हे खरंय, विमानं-रेसिंगवाल्यांना त्याचा उपयोग आहे. आपण पंधरा दिवसांनी साधी हवा तपासली तर तेवढंच पुण्य पदरात पडतं.

जांभ्याचा_दगड | ११ ऑगस्ट, ९:४०

गुहागरला येताय तर स्वागत आहे, आमचं घर वाटेवरच.

टायरबद्दल एकच सांगतो. घाट तुम्ही सांभाळून चालवाल, तिथे सगळेच घाबरून असतात. टायर मरतो तो नंतर, घर दोन किलोमीटरवर आलं की. वाडीत जायच्या रस्त्यावर पाण्याने भरलेला खड्डा, तळाशी जांभ्याची धार. गेल्या वर्षी माझ्या चुलत्यांच्या गाडीचं चाक तसं आपटलं, हवा गेली नाही, काही वाटलं नाही. आरतीनंतर बाहेर आलो तर टायरच्या बाजूला अंड्याएवढं टेंगूळ. आतले दोरे तुटले की हवा तिथून फुगा काढते. चुलते म्हणाले परत जाऊन बघू. मी चावीच काढून घेतली. टेंगूळ आलेला टायर पंक्चरसारखा दुरुस्त होत नाही, तो कुठल्या वळणावर फुटेल ते त्यालाच माहीत. स्टेपनी लावून चिपळूणला गेलो.

पोचलात की दर वेळी चाकांभोवती एक चक्कर मारा, आतल्या बाजूलाही हात फिरवा.

सांगलीची_हळद | १५ ऑगस्ट, दुपारी ४:०५

पाहुणे टायर घेतले का? नसतील तर थांबा!! आज लाल किल्ल्यावरून सांगितलंय, दिवाळीपर्यंत जीएसटी कमी होणार. टायरला २८ टक्के लागतोय, कमी झाला तर फायदा तुमचाच.

पेठेतला_पाहुणा | १५ ऑगस्ट, ४:३०

अरे देवा. उद्याच जाणार होतो. मेव्हण्याचाही आत्ताच फोन येऊन गेला, हेच सांगायला.

चिंचगुळ | १५ ऑगस्ट, ४:४१

किती होणार, कधी होणार, टायरला लागू होणार का, काहीच माहीत नाही. आणि गणपती काही दिवाळीपर्यंत थांबणार नाहीत.

घाटवाट | १५ ऑगस्ट, ५:००

+१. समजा दहा टक्के कमी झाला तरी चार टायरमागे दीड-पावणेदोन हजार. कुंभार्लीच्या धुक्यात, मागच्या सीटवर आई-बाबा असताना, त्या भेगा आठवत गाडी चालवायची त्याचे दीड हजार? मी नाही घेणार.

निवृत्त_नाना | १५ ऑगस्ट, ५:१५

एसटीने जा. टायरची काळजी महामंडळाला.

पेठेतला_पाहुणा | १७ ऑगस्ट, रात्री ८:५०

घेतले. वृत्तांत देतो.

दुकानदाराने पहिल्यांदा आणलेल्या सेटवर तारीख बघितली (आता मी पण टॉर्च घेऊन फिरतो) तर ३१२३. दोन वर्षांपूर्वीचे! म्हटलं हे नको. तो म्हणाला साहेब गोडाऊनमध्ये होते, ऊन लागलेलं नाही, नवेच आहेत. मी म्हटलं मग नव्याच्या किमतीत दोन वर्षं जुने मी का घेऊ. गप्प आत गेला, १४२५ आणि १५२५ चे घेऊन आला. एप्रिलचे. बोलता बोलता ५,४०० चे ५,२५० झाले. त्यात व्हॉल्व्ह नवे घेतले, बॅलन्सिंग, अलाइनमेंट वेगळं. साइज गाडीचीच ठेवली, १६५/८० आर१४, त्यापुढचा ८५टी पण तोच. म्हणजे ८५ ला एका टायरवर ५१५ किलोपर्यंत आणि टी म्हणजे १९० च्या वेगापर्यंत, हे त्याच्या भिंतीवरच्या तक्त्यात वाचलं. तो रुंद घ्या म्हणत होता, रुबाब येतो म्हणे. रुबाब माझ्या स्विफ्टला आठ वर्षांत आला नाही, आता काय यायचाय.

जुन्याचे एकाला ३०० देत होता, दिले. घरी येताना खड्ड्यातला फरक जाणवला, आवाजच नाही. आणि हवावाल्या पोराला मुद्दाम थांबून सांगितलं, बदलले रे बाबा. तो म्हणाला कुठले, मला आठवत नाही साहेब.

रबरी_माणूस | १७ ऑगस्ट, ९:१०

छान काम केलंत. दोन-तीनशे किमी जरा सांभाळून, नव्या टायरवर साच्यातून निघतानाचा गुळगुळीतपणा असतो, तो जाईपर्यंत पकड पूर्ण येत नाही. जुने परत वापरायला कोणाला विकणार नाही ना, हे विचारलंत का?

पेठेतला_पाहुणा | १७ ऑगस्ट, ९:१४

नाही विचारलं. आता चुकल्यासारखं वाटतंय.

रिकामटेकडी | १७ ऑगस्ट, ९:४०

घरी ठेवले असतेत तरी डासच झाले असते. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर कोणीतरी दोन टायर टाकले होते "कुंड्या करू" म्हणून, महापालिकेच्या माणसाला त्यात अळ्या सापडल्या, डेंगीच्या डासाच्या. नोटीस आली. कुंड्या झाल्याच नाहीत.

जांभ्याचा_दगड | १७ ऑगस्ट, १०:०५

आम्ही लहानपणी टायर काठीने पळवत शाळेत जायचो. सायकलचा असायचा, पण ज्याच्याकडे स्कूटरचा तो श्रीमंत. कारचा कोणाला पेलायचाच नाही.

वऱ्हाडी_ठेचा | १७ ऑगस्ट, १०:३०

अन् स्टेपनी? पाहुण्यांनी स्टेपनी पाहिली का?

पेठेतला_पाहुणा | १७ ऑगस्ट, १०:३१

...

पेठेतला_पाहुणा | १७ ऑगस्ट, १०:५०

आत्ता डिकीतून सगळं सामान काढून बघून आलो. आठ वर्षांत एकदाही रस्त्याला लागलेली नाही. अंगावरचे रबराचे केसही तसेच आहेत. ४९१७. हवा अर्धीच.

दोन_नंबरचा_गिअर | १७ ऑगस्ट, १०:५२

ब्रह्मचारी म्हातारी झाली.

रबरी_माणूस | १७ ऑगस्ट, ११:०५

दहा वर्षांच्या रेघेत स्टेपनीही येते. डिकीत ऊन नाही त्यामुळे जरा बरी असेल, पण घाटात लावायची वेळ आली तर जवळच्या दुकानापर्यंत, सावकाश. हवा आधी भरून घ्या.

पेठेतला_पाहुणा | ५ सप्टेंबर, रात्री ९:३०

काल परत आलो. जाताना कोयनानगरच्या पुढे धुकं असं की बोनेट दिसेना, वर पाऊस. दोनदा समोरून येणाऱ्या गाडीमुळे ओल्या वळणावर जोरात ब्रेक मारावा लागला, गाडी जागच्या जागी थांबली. मागून बाबा म्हणाले, आज बरं चालवतोयस. आठ वर्षांत पहिल्यांदा.

जांभेसाहेब, चाकांभोवती चक्कर मारत होतो, गावातले विचारत होते पूजा करतोय का.

सांगलीची_हळद | २२ सप्टेंबर, सकाळी ९:०१

आजपासून टायर २८ वरून १८ टक्के!! पाहुणे, हाईसा का? सांगितलं हुतं.

पेठेतला_पाहुणा | २२ सप्टेंबर, ९:३०

आहे आहे. हिशोब केला, एका टायरमागे ४१०, चौघांचे १,६४०. मेव्हण्याने सकाळी सात वाजता फोन करून सांगितलं. पहिल्यांदाच त्याने मला चहाच्या आधी फोन केला असेल.

असो. स्टेपनी तेवढी राहिलीये, ती या शनिवारी १८ टक्क्यांत घेतो. मेव्हण्याला घेऊनच जाणार आहे.

टोपणनाव_सुचेना | २२ सप्टेंबर, ९:४५

मी अजून वाचतोयच. आज खाली जाऊन आकडे बघतो.

टोपणनाव_सुचेना | २२ सप्टेंबर, १०:२०

चार आकडे सापडत नाहीयेत. माझे टायर डुप्लिकेट आहेत का?